पोते आणि उकिरडा

एखाद्या वस्तूला जगात प्रतिष्ठा मिळते ती तिच्या अंगच्या गुणांमुळे, असा आपला भाबडा समज असतो. परंतु थोडे बारकाईने पाहिले म्हणजे असे दिसून येते की, जी वस्तू मोजता येते, जिच्यावर छाप मारता येतो आणि जिची पावती फाडता येते तिच्याच वाट्याला प्रतिष्ठा येते. रासायनिक खताचे पोते आणि गावाबाहेरचा उकिरडा या दोघांच्या नशिबात जे अंतर पडले आहे त्याचे मूळ मला तरी यातच सापडते. काम दोघांचेही एकच, पिकाला अन्न पुरविण्याचे. परंतु पोत्याला गोदाम आहे, भाव आहे, संसदेच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळ आहे. उकिरड्याजवळून जाताना मात्र माणसे नाकाला पदर लावून वळसा घेतात.

हे विचार माझ्या मनात येण्यास आमच्या घरचा एक तंटा कारण झाला. वर्धा जिल्ह्यात आमची वडिलोपार्जित अकरा एकर काळी जमीन आहे. ती माझे थोरले बंधू नाना कसतात. मी शहरात नोकरी करून निवृत्त झालो. सातबाऱ्यावर नाव आहे एवढाच माझा त्या जमिनीशी संबंध. तीन वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याने त्यातील चार एकर रासायनिक खतावाचून करण्याचा निश्चय केला. शेतीशाळेच्या पदवीपेक्षा बापाच्या अनुभवाला अधिक मान देणारा तो मुलगा आहे. परंतु दरवर्षी पोती वाढवूनही उतारा वाढत नाही, हे त्याने स्वतःच्या वहीत मांडून पाहिले होते. नानांनी ती वही नीट वाचली आणि मला फोन केला. "माती सुधारेल हे मला कबूल आहे," ते म्हणाले, "पण ती सुधारेपर्यंत सोसायटीचे कर्ज कोण फेडणार? माती?"

या प्रश्नाला पुतण्यापाशी उत्तर नव्हते आणि माझ्यापाशीही नव्हते. पुढे मात्र माझी अशी खात्री होत गेली की, नानांनी हा प्रश्न आमच्या घरात विचारला असला तरी त्याचे उत्तर देण्याचा भार एकट्या आमच्या घराने उचलावा हे न्याय्य नाही. तो सार्वजनिक तिजोरीचा, म्हणजे तुम्हाआम्हां सर्वांचा भार आहे.

येथे पुष्कळ सुशिक्षित गृहस्थ कपाळाला आठ्या घालतील, हे मी जाणून आहे. 'ज्याला सेंद्रिय शेतीची हौस आहे त्याने ती स्वखर्चाने करावी; करदात्याच्या पैशावर कशाला?' असे मला माझ्याच स्नेहमंडळीतून ऐकावे लागले आहे. परंतु करदाता पैसे देतच आहे. युरियाचे पंचेचाळीस किलोचे पोते शेतकऱ्याला, कर आणि निंबोळी तेलाच्या लेपाचा आकार सोडून, २४२ रुपयांना मिळते. ते तयार करण्यास किंवा परदेशातून आणण्यास याच्या कितीतरी पट खर्च येतो आणि मधली तफावत सरकार भरते. युक्रेनच्या युद्धामुळे नैसर्गिक वायू महागला तेव्हा, म्हणजे २०२२–२३ साली, खतांवरील हे अनुदान अडीच लाख कोटी रुपयांच्या घरात गेले. पुढच्या वर्षीही ते सुमारे १ लाख ८८ हजार कोटी होते. उलट २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने नैसर्गिक शेतीच्या राष्ट्रीय अभियानास मंजुरी दिली तेव्हा केंद्र व राज्ये मिळून त्यास एकूण २,४८१ कोटी रुपये ठरविण्यात आले. एका पारड्यात रुपया टाकला तर दुसऱ्या पारड्यात दीड पैसाही पडत नाही. तेव्हा शेतीला सार्वजनिक पैसा द्यावा की न द्यावा, हा वाद केव्हाच निकालात निघाला आहे. तो कशासाठी द्यावा, एवढेच ठरावयाचे राहिले आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. २०१० साली स्फुरद व पालाश या खतांना त्यांतील पोषक द्रव्यांच्या मानाने ठराविक अनुदान देण्याची पद्धत सुरू झाली. त्यांचे भाव बाजाराबरोबर हलू लागले. युरियाचा भाव तेवढा बांधलेलाच राहिला. स्वस्त वस्तू माणूस सढळ हाताने वापरतो, यात शेतकऱ्याचा दोष तो काय? शेतात काय पडावे हे पुष्कळदा मातीपेक्षा दरपत्रकच ठरवीत असते.

पोत्याचे उपकार मी विसरलो आहे असे मात्र कोणी समजू नये. परदेशातून येणाऱ्या गव्हाच्या जहाजांकडे डोळे लावून बसण्याचे दिवस या देशाने १९६०–७० च्या दशकात पाहिले आहेत, आणि त्या लाचारीतून सुटका करण्यात पोत्याचा वाटा मोठा आहे. शिवाय पोते सुटसुटीत असते. एका युरियाच्या पोत्यात सुमारे वीस किलो नत्र असते. तेवढेच नत्र शेणखतातून द्यावयाचे तर, शेणखतात शेकडा अर्धा भाग नत्र धरून, सुमारे चार टन खत वाहून न्यावे लागेल. पोते एका गड्याच्या पाठीवर जाते. चार टन शेणखताला ट्रॅक्टरची ट्रॉली लागते, ते भरावयास व पसरावयास माणसे लागतात आणि मुळात ते निर्माण करावयास गोठ्यात जनावरे लागतात. त्याच्या बदल्यात शेणखत मातीला जो भुसभुशीतपणा आणि ओलावा धरण्याची शक्ती देते ती पोत्यात नसते. परंतु ही देणगी पावतीवर लिहिता येत नाही, म्हणून ती हिशेबातही येत नाही.

उकिरड्यावर सार्वजनिक पैसा खर्च करण्याची कल्पना नवी आहे असेही नाही. मराठी माणसाच्या परिचयाच्या इंदुरातच ती शंभर वर्षांपूर्वी अमलात आली होती. आल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज कृषिशास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ या काळात तेथील वनस्पती-संशोधन संस्थेचे प्रमुख होते. कापसावर बसविलेल्या उपकरातून मध्यवर्ती कापूस समितीकडे पैसा जमे. तिचे साहाय्य आणि मध्य भारतातील संस्थानांच्या वर्गण्या यांवर ती संस्था चाले. तेथे काडीकचरा, शेण, मूत्राने भिजलेली माती व राख यांचे थर रचून, ते वेळोवेळी उलथून, सुमारे तीन महिन्यांत कुजलेले उत्तम खत करण्याची रीत सिद्ध झाली. हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी तिच्यावर १९३१ साली पुस्तक लिहिले आणि 'इंदूर पद्धती' हे नाव जगभर गेले. म्हणजे कापूस पिकविणाऱ्या मुलखाच्या पैशातून मातीचे शास्त्र जन्मास आले. आमच्या काळ्या जमिनीला त्याचा लाभ उशिरा व्हावा, हा दैवदुर्विलासच म्हणावयाचा.

आता नानांच्या प्रश्नाकडे वळू. केंद्राची परंपरागत कृषी विकास योजना २०१५–१६ साली सुरू झाली. तीत शेतकऱ्यांचे गट करून तीन वर्षे साहाय्य दिले जाते. प्रारंभी हेक्टरी तीन वर्षांना पन्नास हजार रुपये ठरले होते व त्यांतील एकतीस हजार शेतकऱ्याच्या हाती पडत. पुढे ही रक्कम साडेएकतीस हजारांवर आणण्यात आली आणि शेतकऱ्याचा वाटा पंधरा हजार झाला. म्हणजे एकरी, वर्षाकाठी, दोन हजार रुपये. विदर्भातील आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी राज्याने २०१८ साली डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने जैविक शेतीचे अभियान काढले, त्यात वर्धाही आहे. हेतू सगळीकडे चांगलाच आहे.

परंतु आमच्या चार एकरांचा हिशेब असा झाला. पूर्वी तेथे बावीस क्विंटल कापूस निघे. पहिल्या वर्षी चौदा निघाला. क्विंटलला सात हजार धरले तरी छप्पन्न हजारांची तूट आली. खत-औषधांचे जे वाचले ते शेण वाहण्याच्या आणि निंदणाच्या मजुरीत गेले. सेंद्रिय मालाचे पुरे प्रमाणपत्र काही वर्षांवाचून मिळत नाही, म्हणून भावही साधाच आला. एकरी दोन हजारांच्या दराने चार एकरांचे आठ हजार होतात. उरलेले अठ्ठेचाळीस हजार नानांनी, ज्यांचा या बेताला विरोध होता त्यांनी, आपल्या म्हातारपणाच्या ठेवीतून भरले. वहिनींच्या डोळ्याची शस्त्रक्रिया त्या वर्षी लांबणीवर पडली. मी पाठविलेले पैसे 'शेताचे नुकसान शेतानेच सोसावे' अशा निरोपासह परत आले.

ज्या घरात नाना नाहीत त्या घरात काय होत असेल? तेथे मुलगा दुसऱ्या वर्षी मुकाट्याने पोत्याकडे परत जातो, आणि मग आपण शहरात म्हणतो की, सेंद्रिय शेती परवडतच नाही! सक्तीने तर हे मुळीच साधत नाही. श्रीलंकेने २०२१ साली रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद केली. भाताचे पीक घसरले आणि त्याच वर्षी बंदी मागे घ्यावी लागली. याउलट सिक्कीमने २००३ साली संकल्प केला, हळूहळू खतांचे अनुदान काढून घेतले आणि २०१६ साली ते सेंद्रिय राज्य म्हणून जाहीर झाले. सिक्कीमच्या डोंगरात रासायनिक खत आधीपासूनच थोडे वापरले जाई, ही सवलत मान्य करूनही तेरा वर्षे लागली, हे ध्यानात ठेवले पाहिजे. उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते असे आपले पूर्वज म्हणत. सरकार मात्र ती तीन वर्षांत फिटावी म्हणून घाई करते.

माझे मागणे फार मोठे नाही. मातीचा कस फिरून येईपर्यंत जी तूट येते ती भरून काढण्यास पैसा द्यावा. गोठा, खताचा खड्डा, वाहतूक आणि मजुरी यांसाठी तो द्यावा. आणि तो तीन वर्षांनी तोडू नये. पोत्यासाठी लागणाऱ्या रकमेचा लहानसा अंश दरसाल इकडे वळविला तरी पुष्कळ होईल. वाढत्या अनुदानाचा भार, विहिरीच्या पाण्यात उतरणारे नत्र, कडक झालेली जमीन यांची किंमत आपण नाही तरी देतोच आहोत. ती निराळ्या खात्यावर पडते, इतकेच.

यंदा त्या चार एकरांत एकोणीस क्विंटल कापूस निघाला. वहिनींचा एक डोळा आता चांगला दिसतो. दुसऱ्याची तारीख ठरली आहे. पुतण्या आणखी दोन एकरांचे म्हणतो. नाना अजून होय म्हणालेले नाहीत. पण परवा फोनवर त्यांनी मला विचारले की, शहरात खतासाठी पालापाचोळा विकत मिळतो का, आणि मिळत असेल तर टनाला काय पडतो.