कुंडीचं भोक आणि खालचा मजला

नोएडातल्या उंच इमारतीत कुंडीचं भोक ही खाजगी बाब राहत नाही. वरच्या बाल्कनीतून गळलेलं मातकट पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या चादरीवर पडतं, आणि संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आलेला असतो. मागोमाग नोटीस येते. मग लोक कुंडीखाली ताटली ठेवतात, काही जण तर भोकच सिमेंटने बुजवतात.

रत्नागिरीत वाढलेल्या माणसाला हे सगळं चमत्कारिक वाटतं. तिथे जांभ्याची भरड लाल माती. पाऊस कोसळतो तसा निघूनही जातो, काळजी असते ती ओल टिकवायची. इथे माळी भैया पोत्यातून आणतात ती गंगा-यमुनेच्या गाळाची माती, पिठासारखी बारीक. त्यात निम्मं शेणखत. भरली की छान भुसभुशीत दिसते, पण काही महिन्यांत घट्ट बसते आणि घातलेलं पाणी वर तळं करून उभं राहतं.

माझ्या कढीलिंबाची पानं टोकांकडून करपू लागली, तेव्हा भैयांचं निदान तयार होतं, ‘दीदी, पानी कम पड़ रहा है.’ माती तर बोटाला ओली लागत होती. कुंडीला मात्र जुन्या भिंतीला धरतो तसा बाहेरून पांढरा लोणा धरला होता. तिथून माझं लक्ष आरओच्या बादलीकडे गेलं. एक लिटर पिण्याच्या पाण्यामागे आमचं यंत्र दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकतं. ते बादलीत धरायचं आणि झाडांना घालायचं, ही काटकसर इथे घरोघरी चालते. पण यंत्राने पिण्याच्या पाण्यातून काढलेले क्षार जातात कुठे? त्याच बादलीत. त्यात आमच्या नळाला येतं ते कालव्याचं गंगाजल आणि कूपनलिकेचं पाणी असं मिश्रण. टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, बुडवलं तर बादलीतला आकडा नळाच्या आकड्याहून बराच वर.

झाड पाणी घेतं, क्षार बहुतांशी मागे ठेवतं. ते बाहेर पडायची वाट एकच, खालचं भोक. ताटली ठेवली की बाहेर आलेलं खारं पाणी माती पुन्हा वर ओढून घेते. शिवाय ताटलीवर डासांचाही हक्क असतोच. दिल्ली सरकारने 2019 मध्ये ‘10 हफ्ते, 10 बजे, 10 मिनट’ अशी मोहीम काढली होती, दर रविवारी घरातलं साचलेलं पाणी ओतून द्यायची. आठवड्याचा हिशोब बरोबर होता. एडिस डासाला अंड्यापासून पंखांपर्यंत पोचायला साधारण तेवढाच वेळ लागतो.

कढीलिंबाची कुंडी उचलून बाथरूममध्ये नेली आणि तिला नळाचं साधं पाणी थांबत थांबत भरपूर घातलं, कुंडीत मावेल त्याच्या दुप्पट तरी. खालून आधी तपकिरी पाणी आलं, मग फिकट. त्याचा टीडीएस उतरत उतरत नळाच्या जवळ आला तेव्हाच थांबले. आता उन्हाळ्यात महिन्यातून एकदा प्रत्येक कुंडीला अशी आंघोळ असते. पावसाळ्यात कठड्यालगतच्या कुंड्यांचं हे काम पाऊस फुकटात करतो. आरओचं पाणी फरशी पुसायला गेलं.

तळाशी खडे घाला म्हणजे निचरा होतो, हा सल्ला मात्र मला प्रत्येकाने दिला. तो खरा का हे बघायला भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरला. गळायचा थांबल्यावर उभा केला, तर पुन्हा धार लागली. मातीतही तसंच. भोक कितीही मोठं असो, तळाशी एक गच्च ओला थर उरतोच, बारीक मातीत जाड, भरड मातीत पातळ. खाली खडे घातले की तो थर खड्यांवर चढून बसतो, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ. म्हणून खडे काढले. माती वाहू नये एवढ्यापुरता भोकावर खापराचा एक तुकडा ठेवला. बांधकामाच्या दुकानातून ‘बदरपुर’ आणली. दिल्लीच्या कडेच्या बदरपूरवरून नाव पडलेली ही भरड तांबूस रेती. धुऊन, बारीक पूड काढून टाकून, माती आणि कंपोस्टच्या बरोबरीने मिसळली. भैया म्हणाले, ‘इसमें तो पानी रुकेगा ही नहीं.’ मला तेच हवं होतं.

जूनमध्ये याच्या उलट फसगत होते. कोकोपीटची कुंडी लू, म्हणजे इथला उन्हाळी तापलेला वारा, लागून पूर्ण सुकली की पाणी कडेने सरळ खाली उतरतं. निचरा झकास दिसतो आणि आत गड्डा कोरडाच असतो. अशी कुंडी टबात अर्धा तास बुडवून ठेवावी लागते. दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी हाताला चटका देतं, ते झाडाला घालायचंच नाही.

खरा घोळ जानेवारीत. धुकं दहा-अकरापर्यंत हटत नाही, माती दिवसेंदिवस वाळत नाही, तरी इमारतभर रोज पाणी चालू. तुळशी थंडीने आधीच अर्धमेल्या झालेल्या, उरलेलं काम पाणी करतं. यात भैयांना दोष कसा देणार? त्यांना पगार रोजच्या पाण्याचा. माती कोरडी दिसली तर ‘आज माली आया ही नहीं’ अशी तक्रार जाते. मी त्यांना सांगितलं, पैसे तेवढेच, फक्त बोट खुपसून बघा आणि ओल लागली तर परत जा. ते मान डोलावतात, बोट खुपसतात आणि जाता जाता वरून एक शिंतोडा मारतातच.