न्यूयॉर्कचं घड्याळ, सिंहगडाची वाट

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात आणि पुण्यात, हिंजवडीपासून खराडीपर्यंत, कित्येक घरांतली रात्रीच्या जेवणाची वेळ बदलते. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. त्यामुळे तिकडची सकाळी दहाची मीटिंग आपल्याकडे साडेसातची असते, ती दिवाळीच्या आगेमागे साडेआठवर जाते. कॅलिफोर्नियातली माणसं असतील तर हीच मीटिंग रात्री साडेदहाची साडेअकराला होते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ती परत अलीकडे येते. सॉफ्टवेअरच्या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर मला ऋतू बदलल्याची पहिली खबर थंडीच्या आधी कॅलेंडरकडून मिळते.

वेळ हाच माझ्या कामाचा विषय आहे. मालवाहतुकीची वेळापत्रकं सांभाळणारी प्रणाली आम्ही लिहितो. माल कुठून किती वाजता निघाला आणि कुठे किती वाजता पोचेल, याचा हिशेब अनेक देशांच्या घड्याळांत ठेवायचा असतो. संगणक आतमध्ये १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतो, तेही यूटीसी या जागतिक वेळेत. त्याचं स्थानिक वेळेत रूपांतर करण्यासाठी जवळजवळ सगळं जग एका सामायिक नोंदवहीवर अवलंबून आहे. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात ती सुरू केली. कुठल्या देशाने कधी घड्याळ पुढेमागे केलं, याच्या नोंदी तिच्यात आहेत, आणि मोजकी माणसं आजही ती निगुतीने अद्ययावत ठेवतात. आपल्यासारखा अर्ध्या तासाचा फरक असलेले देश थोडे. नेपाळ तर पावणेसहा तासांवर आहे. (आपल्याकडेही एकेकाळी एकच वेळ नव्हती. मुंबईची स्वतःची वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे चालायची.)

भारतात काम करणाऱ्या कुठल्याही डेव्हलपरला नोंदींमध्ये १८:३० हा आकडा दिसला की तो सावध होतो. आपली मध्यरात्र म्हणजे यूटीसीची आदल्या दिवशीची संध्याकाळची साडेसहा. कोणीतरी नुसती तारीख साठवायची सोडून तारखेसोबत वेळ साठवली, की १२ तारखेची नोंद ११ ची होऊन बसते. असा दोष शोधायला कीबोर्डवर फार वेळ जात नाही, विचार करण्यात जातो. आमच्या कामाचा मोठा भाग हा असा आहे: दुसऱ्याने लिहिलेलं वाचायचं, डोक्यात चित्र उभं करायचं आणि ते मोडू न देता बराच वेळ धरून ठेवायचं.

ते चित्र धरून ठेवायला दुपार मिळते. अमेरिका झोपलेली असते, तेव्हा अकरा ते तीन या वेळात खरं लिहून होतं. संध्याकाळ मीटिंग, कोड रिव्ह्यू आणि तिकडून आलेल्या प्रश्नांची. ऑन-कॉलचा, म्हणजे प्रणाली बिघडली की लगेच हजर राहायचा, आठवडा असला की रात्रही आपली नसते. पहाटे तीनला फोन वाजतो, कारण कॅलिफोर्नियात भर दुपार असते आणि सगळा भार तेव्हाच येतो. अशा दिवसात ‘वेळ मिळाला की व्यायाम करू’ हे वाक्य खोटं ठरतं. वेळ मिळत नाही. दिवसाचा एकच तुकडा असा आहे जो दोन्ही खंडांतलं कोणी मागत नाही, आणि तो म्हणजे पहाट. ती मी शरीराला देऊन टाकली आहे.

आठवड्यातले बहुतेक दिवस वेताळ टेकडी. शनिवारी किंवा रविवारी सिंहगड, आतकरवाडीच्या पायवाटेने. चढ सुमारे ६०० मीटरचा. गाडीरस्त्याने गडावर जाणाऱ्यांना तो कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगितला. आमच्या क्षेत्रातले लोक यातला पहिला भाग पाळतात आणि दुसरा विसरतात. खुर्चीतल्या माणसाला खरी गरज दुसऱ्याची आहे. तासन् तास बसल्याने कमरेच्या पुढचे स्नायू आखडतात, नितंबाचे स्नायू काम करायचं सोडतात, मान पडद्याकडे झुकत जाते. चालताना पोटऱ्यांचे स्नायू शिरांतलं रक्त वर ढकलत असतात, तेही बसल्यावर थांबतं. म्हणून टेकडीवर न जाण्याच्या दिवशी मी जोर आणि बैठका काढते, शेवटी सूर्यनमस्कार. तालमीतल्या या जुन्या व्यायामांना जागा चटईएवढी पुरते.

बैठक खाली जाताना सावकाश घ्यावी, यावर माझा भर असतो. गड चढताना दम लागतो, पण पाय दुखतात ते उतरल्यामुळे. उतरताना मांडीचे स्नायू लांबत असतानाच भार पेलतात, त्यांच्यात सूक्ष्म इजा होतात आणि दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं. घसाऱ्याच्या वाटेवर गुडघा सांभाळतो तो या स्नायूंच्या ताकदीवर.

या चालण्यातूनच वाटा नकाशावर नोंदवण्याचा छंद लागला. ओपनस्ट्रीटमॅप हा जगाचा मुक्त नकाशा स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू केला. त्यात कोणीही भर घालू शकतं, आणि प्रत्येक बदलाचा इतिहास जपला जातो. शहरांतले रस्ते त्यात उत्तम आहेत. सह्याद्रीतल्या वाटांचं तसं नाही. उपग्रहाच्या छायाचित्रात झाडीखालची पायवाट दिसत नाही, ती पायांनीच मोजावी लागते. फोनमध्ये जीपीएसची नोंद चालू ठेवून चालायचं आणि घरी येऊन ती रेघ नकाशावर बसवायची. कड्याच्या पोटातून जाताना संकेत कातळावर आपटून येतात आणि रेघ दरीत उडी मारते. म्हणून जाताना आणि येताना, दोन्ही नोंदी जुळवून पाहाव्या लागतात. पावसाळ्यानंतर गवत आणि कारवी वाट झाकतात. तिथे ढोरवाट कुठली आणि माणसांची कुठली, हे गावातल्या माणसालाच विचारावं. गुंजवण्यात मला एका आजोबांनी राजगडाकडे जाणाऱ्या सोंडेवरच्या जागांची नावं एकामागून एक सांगितली. सरकारी नकाशात मी ती कधी पाहिली नव्हती. नकाशात मराठी नावासाठी वेगळा रकाना असतो, तो मी आधी भरते.

सगळ्यात जास्त मन लावून मी पाण्याची टाकी नोंदवते. गडांवर कातळात खोदलेली टाकी खूप, पण सगळ्यांतलं पाणी पिण्याजोगं नसतं, आणि पिण्याजोगं असलं तरी बारमाही नसतं. काही टाकी फेब्रुवारीतच तळ गाठतात, काही मेपर्यंत थंडगार राहतात. सिंहगडावरच्या देवटाक्याला वाटाड्या लागत नाही. राजगडाची संजीवनी माची उतरून तोरण्याकडे चालणाऱ्याला मात्र पुढचं पाणी कुठे, हे आधीच ठाऊक असलेलं बरं. एप्रिलमध्ये हा हिशेब चुकला तर जिवावर बेतू शकतं. मी आयुष्यभर लिहिलेल्या कोडपैकी बराचसा आज कुठेच चालत नाही, प्रणाल्या बदलल्या की तो जातो. टाक्याची खरी नोंद त्याहून जास्त टिकेल, असं मला मनापासून वाटतं.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या मुलामुलींना माझं सांगणं आहे, की पहाटेचा तास कुठल्याही देशाच्या घड्याळाला देऊ नका. कॅलेंडरवर तो भरलेला दाखवा आणि कारण विचारलं तर खरं कारण सांगा. ऑन-कॉलची रात्र जागून काढली असेल तर मात्र त्या पहाटे झोपा. झोप मोडून केलेला व्यायाम माझ्या मते नुकसानच करतो. आणि वाचकहो, तुमचा संगणकाशी संबंध असो नसो, या हिवाळ्यात गडावर गेलात तर वाटेतल्या टाक्यात पाणी किती आहे, ते पिता येतं का आणि महिना कोणता, एवढं नकाशावर लिहा. नोंद करायला पाच मिनिटं लागतात आणि पैसे पडत नाहीत.