रेघ कुठवर आली?

परभणीत मे महिन्यात पॅराफिनचे ब्लॉक कापायचे तर सकाळी लवकर मायक्रोटोमवर बसावं लागतं. ऊन चढलं की मेण नरम पडतं, सात मायक्रॉनचा काप सुरीवरच चुरगळतो. इथल्या पशुवैद्यक महाविद्यालयाच्या परिसरात वाढलेल्या माझ्यासारख्या शरीररचनेच्या माणसाला अंडी सहज मिळतात, आणि अंतर्कर्णात मज्जातंतू कसे पोचतात हे पाहायला कोंबडीच्या अंड्याइतकं सोपं साधन मला तरी दुसरं ठाऊक नाही.

उबवणीच्या दुसऱ्या दिवशी मेंदूच्या मागच्या भागाशेजारी त्वचेचा एक ठिपका जाड होतो. तो आत खचतो, त्याची वाटी होते, आणि तिसऱ्या दिवसापर्यंत तोंड मिटून पिशवी. अंड्याला खिडकी पाडली की भ्रूण डाव्या कुशीवर दिसतो, म्हणून आपल्या वाट्याला उजवा कान येतो. या पिशवीच्या भिंतीतून काही पेशी बाहेर पडतात आणि पिशवी व मेंदू यांच्यामध्ये गोळा होतात. त्या चेतापेशी. प्रत्येकीला दोन तंतू फुटतात, एक मेंदूकडे, दुसरा कानाकडे. मला या विषयाची ओढ लागली ती इथेच. कानाकडे निघालेला तंतू परक्या मुलखात जात नाही. त्याची पेशी ज्या भिंतीतून निघाली तिथेच तो परत शिरतो, आणि तिथे मागे राहिलेल्यांपैकी काही आता केशपेशी, म्हणजे आवाज आणि तोल टिपणाऱ्या पेशी, व्हायच्या असतात.

सिल्व्हर नायट्रेटने रंगवल्यावर तंतू काळे होतात, बाकी सगळं पिवळसर. स्पॅनिश शास्त्रज्ञ काहालने १८९० मध्ये कोंबडीच्याच भ्रूणाच्या मेरुरज्जूत, चांदीच्याच एका पद्धतीने, वाढत्या तंतूचं फुगीर टोक ओळखलं. लक्ष्यपेशींतून झिरपणारी रसायनं त्या टोकाला ओढत असावीत, हा तर्कही त्याचाच. पण टोक पुढे सरकताना त्याने पाहिलं नव्हतं. जिवंत तंतू वाढताना रॉस हॅरिसनने १९०७ मध्ये बेडकाच्या ऊतीत दाखवला.

माझ्या स्लाइडवर तर सगळंच थांबलेलं. पाचव्या दिवसाचा भ्रूण वेगळा, सातव्याचा वेगळा, तंतूही वेगळे. मधला प्रवास मी जोडतो, आणि जोडणाऱ्याच्या हातून रेघ नेहमी हवी तिकडे वळते. म्हणून एकही काप गाळायचा नाही. या कापातला तंतू पुढच्या कापात सापडला नाही तर आकृतीतली रेघ तिथेच थांबवायची. मुलांना हा नियम कंटाळवाणा वाटतो. माझ्या मते कामाचा सगळा जीव त्यातच आहे.

पोचणं आणि टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केशपेशी घडवणारं जनुक काढून टाकलेल्या उंदरांतही काही तंतू योग्य जागी पोचतात. टिकायला मात्र तिथली प्रथिनं लागतात. बीडीएनएफ आणि एनटी-३ ही दोन्ही नसतील तर अंतर्कर्णाचे सगळे तंतू नाहीसे होतात. या कुळातलं पहिलं प्रथिन शोधण्यासाठी १९८६ चं नोबेल मिळवणाऱ्या रीटा लेव्ही-मोन्ताल्चिनी यांनी महायुद्धाच्या काळात तुरीनमधल्या घरातल्या खोलीत कोंबडीचेच भ्रूण तपासले होते. पुढे त्यांनी भ्रूणाच्या कानाची पिशवी काढून टाकून मेंदूतल्या श्रवणकेंद्रांचं काय होतं हेही पाहिलं. साध्या अंड्यावर एवढा विश्वास टाकणाऱ्या बाईंबद्दल मला फार आदर आहे.

माणसाच्या एका कानात आतल्या केशपेशी सुमारे ३,५०० आणि बाहेरच्या १२,०००, तरी नव्वद टक्क्यांहून जास्त तंतू आतल्यांकडेच जातात. उरलेले थोडे बाहेरच्यांकडे जाऊन वळतात. माणसाच्या मेलेल्या केशपेशी परत येत नाहीत. कोंबडीच्या येतात, आणि तंतू त्या नव्या पेशींशी पुन्हा जोडले जातात. भ्रूणावर हात बसल्यावर म्हणून मी आता प्रौढ कोंबडीचा कान घेतला आहे. त्यातलं हाड आधी मऊ करावं लागतं. त्यात दिवस जातात, आणि घाईने तीव्र आम्ल वापरलं की चांदी तंतूंना नीट धरत नाही.