लखनौचे दोन दिवस

माझ्या दादाची कसम परेड फेब्रुवारीतल्या एका शनिवारी लखनौ छावणीत होती. रविवारी रात्री नऊला त्याला परत हजर व्हायचे होते आणि पुढच्या आठवड्यात पहिल्या पोस्टिंगवर निघायचे होते. बाबा गोठ्यामुळे गावी थांबले. आबा, आजी, आई आणि मी पुष्पक एक्सप्रेसने गेलो. "तू मिलिटरी शाळेत शिकतोस ना? मग दोन दिवसांचा बंदोबस्त तुझ्याकडे," असे आबांनी निघण्यापूर्वीच सांगून टाकले. आबा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आहेत. त्यांचे सांगणे म्हणजे हुकूमच.

ठिकाणांची यादी करण्याआधी मी माणसांची यादी केली. आजीला मधुमेह आहे. इन्शुलिन घेतल्यावर अर्ध्या तासात तिच्या पोटात अन्न जावे लागते. तिचे गुडघेही दुखतात. ती माळकरी, आणि आईही मांसाहार करत नाही. आबांना आणि दादाला मात्र लखनौचे कबाब खायचे होते. शिवाय आबांना बिठूर पाहायचे होते आणि सगळ्यांनाच दादाजवळ बसायचे होते. रूट मार्चला तुकडीचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्यावर ठरतो. म्हणून आजीच्या जेवणाच्या वेळा मी कागदावर आधी लिहिल्या: सकाळी आठ, दुपारी साडेबारा, संध्याकाळी साडेसात. मग उरलेल्या वेळेत ठिकाणे बसवली.

शनिवारी परेड आणि जेवण झाल्यावर आम्ही बडा इमामबाडा पाहिला. १७८४ च्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून नवाब असफउद्दौला यांनी तो बांधायला घेतला. आतले दालन सुमारे ५० मीटर लांब आहे आणि मध्ये एकही खांब नाही. वरच्या भुलभुलैयाला जायचे तर बऱ्याच पायऱ्या, म्हणून तो यादीतून काढला. दालन आजीला खालूनच नीट पाहता आले.

तिथून रेसिडेन्सी. भिंतींवर तोफगोळ्यांच्या खुणा अजून आहेत. १८५७ मध्ये ३० जूनपासून आपल्या सैनिकांनी तिला वेढा घातला. बेगम हजरत महल यांनी लखनौचा कारभार हाती घेतला होता. आत अडकलेल्या इंग्रजांचा प्रमुख हेन्री लॉरेन्स याने धान्याचा मोठा साठा करून ठेवला होता, पण तो २ जुलैला जखमी झाला आणि ४ जुलैला वारला. त्याच्या जागी आलेल्या इंग्लिसला साठा नेमका किती आहे ते ठाऊक नव्हते. धान्य संपत आल्याचे त्याने बाहेर कळवले. सप्टेंबरात मदतीची फौज आत पोहोचली, तेव्हा साठा सापडला. हे वाचल्यावर मी माझ्या कागदाच्या आणखी दोन प्रती काढल्या होत्या, एक आईजवळ आणि एक आबांजवळ. इन्शुलिन कुठल्या पिशवीत, शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी कुठल्या डब्यात, हेही त्यावर लिहिले. रसद कुठे आहे हे एकालाच माहीत असून चालत नाही.

संध्याकाळी आई आणि आजी वरण-भात, भाजी जेवल्या. मग आबा, दादा आणि मी गलौटी कबाब खायला गेलो. दात नसलेल्या नवाबासाठी हा कबाब केला गेला, असे लखनौत सांगतात. आबांनी कवळी काढून खिशात ठेवली आणि चार कबाब खाल्ले.

खरा प्रश्न रविवारचा होता. कानपूरपर्यंतच सुमारे ८५ किलोमीटर, बिठूर त्याच्या पुढे. दादाचा शेवटचा दिवस गाडीत घालवायचा का? दुसऱ्या बाजीरावांनी आपली शेवटची वर्षे बिठूरला काढली, १८५१ मध्ये ते तिथेच वारले. नानासाहेब तिथे वाढले. लहानपणापासून ऐकलेली ही नावे आबांना एकदा जागेवर जाऊन आठवायची होती. मी दादालाच विचारले. तो म्हणाला, "गाडीत आपण पाचही जण एकत्रच असणार की. आबांना ने."

पहाटे निघालो. कानपूर रस्त्यावर सरोजिनीनगरला उत्तर प्रदेश सैनिक स्कूल आहे. १९६० साली सुरू झालेले हे देशातले पहिले सैनिक स्कूल. तिथे शिकलेल्या कॅप्टन मनोजकुमार पांडे यांचे नाव आता शाळेला दिले आहे. ३ जुलै १९९९ ला कारगिलच्या लढाईत, खालुबार इथे, त्यांना वीरमरण आले. मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. मी हे सांगत होतो, तेव्हा आजीने विचारले, "किती वर्षांचा होता रे?"

"चोवीस."

दादा वीस वर्षांचा आहे. आजी थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. कागदावर न्याहारीची वेळ आठ होती आणि तेव्हा सात वाजले होते. तिने डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडून दादाच्या हातात दिला आणि म्हणाली, "आधी खा." कोणीच वेळेची आठवण करून दिली नाही.

बिठूरला ब्रह्मावर्त घाटावर आबा बराच वेळ गंगेकडे बघत बसले. उठताना दादाला एवढेच म्हणाले, "ड्युटी नसेल त्या रविवारी फोन करत जा. आजी वाट बघते." बाकी घाट, वाडे यांतले आम्ही निम्मेसुद्धा पाहिले नाही. परतीच्या वाटेवर दादा आजीच्या खांद्यावर डोके ठेवून झोपला आणि उन्नाव मागे पडेपर्यंत तिने खांदा हलवला नाही.

सुट्टीत घरच्यांबरोबर बाहेरगावी जाणाऱ्या कॅडेट मित्रांना माझे सांगणे आहे. स्थळांची माहिती सगळीकडे मिळते. घरातले कोण किती चालते, कोणाला कधी भूक लागते, कोणाच्या मनात काय आहे, हे मात्र आपणच विचारायला हवे. त्यानंतरच नकाशा उघडावा. आणि कागदावर थोडी जागा मोकळी ठेवावी.