मोडलेल्या वचनांची यादी

संगणकाच्या परिभाषेत ‘प्रॉमिस’ नावाची एक संज्ञा आहे. डॅनियल फ्रीडमन आणि डेव्हिड वाइज यांनी ती १९७६ साली सुचवली. मागितलेली गोष्ट अजून हाती आलेली नाही, पण ती येईल किंवा येणार नाही एवढे तरी कळेल, असे हे वचन. साहित्य शिकवण्यात हयात गेलेल्या आमच्यासारख्यांना या संज्ञेची ओळख झाली ती गरजेपोटी.

आजीच्या जात्यावरच्या ओव्या आईने कॅसेटवर ध्वनिमुद्रित केल्या होत्या. पुढे त्यांच्या ११८ फाइली करून आम्ही त्या एका दूरच्या सर्व्हरवर ठेवल्या. फाइलींना नावे दिली ती आईने कॅसेटवर लिहिलेल्या मथळ्यांचीच. दरम्यान कॅसेटना बुरशी लागली, आणि सर्व्हरवरची जागाही बंद होणार असल्याचे कळले. मुदतीच्या आदल्या रात्री आम्ही जावास्क्रिप्टमध्ये एक लहानसा प्रोग्राम लिहिला.

या भाषेची रीत घरातल्या बाईसारखी आहे. हात दोनच, पण चुलीवर आधण ठेवले की ती त्याकडे पाहत बसत नाही, भाजी निवडायला घेते. प्रोग्राम एका फाइलीची मागणी पाठवतो आणि उत्तराची वाट न पाहता दुसरीची पाठवतो. उत्तर येईल तेव्हा तिकडे वळतो. वाट पाहण्याचे सगळे काळ असे एकमेकांत मिसळून जातात.

आम्ही ११८ वचने ‘प्रॉमिस.ऑल’च्या हवाली केली. सगळी आली की मगच फाइली साठवायच्या, असा बेत. पडद्यावर लाल अक्षरांत एकच ओळ उमटली. एक फाइल मिळाली नव्हती, आणि पहिले वचन मोडताच ‘ऑल’ने सारेच मोडल्याचे जाहीर केले. उरलेल्या फाइली नंतरही येतच होत्या. त्या घ्यायला दारात कुणी उभे नव्हते, इतकेच.

आम्हांला स्वतःचीच लाज वाटली. पोथीचे एक पान गळाले म्हणून कुणी पोथी टाकत नाही, गळालेल्या पानाची नोंद करून पुढे वाचतो, हे वर्गात आम्हीच सांगत आलो होतो.

२०२० सालच्या आवृत्तीपासून या भाषेत ‘ऑलसेटल्ड’ आहे. ते प्रत्येक वचनाचा निकाल लागेपर्यंत थांबते आणि कोणते पाळले, कोणते मोडले, का मोडले, याची यादी हाती देते. पहाटेपर्यंत १११ ओव्या घरी आल्या. सात आल्या नाहीत. पण त्या कोणत्या, ते आता ठाऊक होते.

ती यादी आम्ही आईला वाचून दाखवली. चार मथळे ऐकताच तिने ओव्या म्हणून दाखवल्या, आवाज कापत असला तरी अडखळल्याशिवाय. उरलेल्या तीन मथळ्यांपाशी ती बराच वेळ गप्प राहिली. ते तीन मथळे आम्ही यादीतून खोडलेले नाहीत.