तगरचे तेर

लातूरच्या पश्चिमेला तेरणेकाठी वसलेले तेर म्हणजे प्राचीन तगर. समुद्र येथून फार दूर. तरीही पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात त्याचे नाव आहे. येथील सुती वस्त्रे गाड्यांतून बिकट वाटांनी भडोच बंदराला जात. कोकणचे शिलाहार तर स्वतःस ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत!

आज गावाची ओळख संत गोरोबाकाकांची. श्रावकांसाठी महावीर मंदिराची. मोठी पेठ लातूरला गेली. पांढरीच्या टेकाडांतून मिळणारे जुने अवशेष मातीमोल झाले असते. ते रामलिंगप्पा लामतुरे यांनी वेचून जपले. त्यांच्या नावाच्या संग्रहालयातील हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहावी. तिच्याच घडणीची भारतीय मूर्ती इटलीत, पॉम्पेईच्या राखेखाली सापडली आहे.