घास

मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेली नाही. दिवसा एका लहानशा शाळेत मुलांना मराठी शिकवावे आणि रात्री कंदील मोठा करून कादंबऱ्या लिहाव्यात (कंदील आता गेला, सवय राहिली), एवढाच माझा व्याप. अशा माणसाकडे परिचारिका होऊ घातलेल्या एखाद्या मुलीने अभ्यासाला मदत मागावी, हा योग मोठा गमतीचा. पण गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास तो आला खरा.

मुलगी माझीच जुनी विद्यार्थिनी. आमचे गाव नर्सी नामदेवपासून फार लांब नाही, कयाधूच्या काठचे. हिंगोलीला राहून ती तीन वर्षांचा अभ्यासक्रम करीत होती आणि परीक्षेच्या तयारीसाठी घरी आली होती. “सर, तुम्ही नुसते समोर बसा. मी बोलून दाखवते. मराठीत समजलं की इंग्रजीत लिहिता येतं,” ती म्हणाली. पुस्तके सगळी इंग्रजी. तिच्या इंग्रजीला कुबड्या लागत. माझे तर अंथरुणालाच खिळलेले. मध्ये शब्दकोश ठेवून आम्ही ओसरीवर बसू लागलो. आतल्या खोलीत खाटेवर माझी आई असे. चार महिन्यांपूर्वी अर्धांगवायूच्या झटक्याने तिची उजवी बाजू लुळी पडली होती.

पहिले प्रकरण रुग्णाच्या सुरक्षिततेचे. औषध देताना पाच गोष्टी योग्य हव्यात, हे तिने बोटांवर मोजून दाखवले : माणूस, औषध, मात्रा, देण्याचा मार्ग आणि वेळ. मी म्हणालो, “यात पाठ करण्यासारखे काय आहे? माणूस तर समोरच असतो!”

ती हसली. “सर, आपल्याकडं वॉर्डात तीन नामदेव आणि दोन नागनाथ सहज निघतात. ‘तुम्हीच नामदेव का?’ असं विचारलं की गुंगीतला माणूस मान हलवतो. नागनाथसुद्धा हलवतो. म्हणून ‘तुमचं नाव काय?’ असंच विचारायचं. त्याच्या तोंडून नाव घ्यायचं, कागदावरच्या नोंदणी क्रमांकाशी ताडायचं, मग औषध.”

मी गप्प झालो. संतांच्या आणि देवांच्या नावांनी भरलेल्या या मुलखात भक्तिभावाने ठेवलेले नावही रुग्णालयात धोक्याचे ठरू शकते, हे माझ्या कोणत्याही कादंबरीला सुचले नव्हते.

पुढे हात धुण्याचे प्रकरण आले. 1847 साली व्हिएन्नाच्या एका प्रसूतिगृहात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने शवविच्छेदन करून येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरिनच्या द्रावणात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. तरी त्याच्या हयातीत पुष्कळांनी त्याला मानले नाही. मोठ्या माणसांना ‘तुमचे हात अस्वच्छ आहेत’ हे सांगणे तेव्हाही अवघड होते. मग पडण्याचे प्रकरण : ओली फरशी, उंच खाट, रात्री मोरीकडे जाताना न लावलेला दिवा. मग शय्याव्रण. ज्याला स्वतः हलता येत नाही त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची. माकडहाड, टाचा, कोपरे, खुब्याची हाडे आणि डोक्याची मागची बाजू रोज पाहायची. कातडी नुसती लाल दिसली तरी सावध व्हायचे.

त्या दिवशी तिने अरुणा शानबाग यांची हकीकत काढली. वर्गात त्यांच्या बाईंनी सांगितली होती. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातली ही परिचारिका. 1973 च्या नोव्हेंबरात तिथेच तिच्यावर अत्याचार झाला आणि मेंदूला इजा होऊन ती कायमची अंथरुणाला खिळली. 18 मे 2015 रोजी तिचा अंत झाला. मधली जवळजवळ 42 वर्षे त्याच रुग्णालयातल्या परिचारिकांनी तिला सांभाळले. एक पिढी निवृत्त झाली, दुसरी आली. पण तिच्या पाठीला व्रण होऊ दिला नाही. 2011 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही या सेवेची मुक्तकंठाने वाखाणणी केली. सांगताना मुलीचा आवाज खाली आला. “त्यांना परत उभं करणं कुणाच्याच हातात नव्हतं, सर. पण अपाय होऊ न देणं हातात होतं. तेवढं त्यांनी केलं.”

मग आले ते प्रकरण ज्याने माझी झोप उडवली. पुस्तकात त्याचे नाव ‘रिस्टोरेटिव्ह केअर’. मी मोठ्या हौसेने शब्दकोश उघडला. ‘पुनःस्थापक’ निघाला, ‘पूर्ववत्कारक’ निघाला. दोन्ही शब्द एखाद्या देवळाच्या जीर्णोद्धाराला शोभतील असे. “सोप्या मराठीत सांग ना, यात करायचे काय?” मी विचारले.

“माणसाकडून आजारानं जे काम काढून घेतलं, ते जमेल तितकं त्याला परत द्यायचं,” ती म्हणाली. व्हर्जिनिया हेंडरसन या अमेरिकन परिचारिकेने 1960 च्या सुमारास हेच मांडले होते. अंगात बळ, मनात इच्छा आणि पुरेशी समजूत असती तर माणसाने जी कामे स्वतः केली असती, त्यांतच परिचारिकेने मदत करायची. आणि तीही अशी की त्याला शक्य तितक्या लवकर तिची गरज उरू नये. मला ते फार आवडले. उत्तर कसे लिहायचे तेही मी झोकात सांगितले. सदऱ्यासाठी एक ओळही जुळवून दिली : ‘घालताना आधी दुबळा, काढताना आधी सबळा.’ म्हणजे अंगात चढवताना लुळ्या हातापासून सुरुवात, उतरवताना धडक्या हातापासून. ती खूष झाली.

तेवढ्यात आईच्या जेवणाची वेळ झाली. मी आत गेलो, वरणभात कालवला आणि चमच्याने भरवू लागलो. पदर सावरला, तोंड पुसले, केस विंचरले. गेले चार महिने हेच करीत होतो. गावात मला श्रावणबाळ म्हणत, आणि खोटे कशाला सांगू, मला ते गोड लागे. मान वर केली तो मुलगी दारात उभी.

“सर, एक विचारू? चमचा आजींच्या हातात का देत नाही?”

“सांडते.”

“सांडू द्या ना.”

मला राग आला. काल-परवापर्यंत माझ्याकडून बाराखडी गिरवलेली पोर मला आईची सेवा शिकवते! मी बोललो नाही. पण रात्री तिचीच वही चाळत बसलो. झटक्यानंतरचे पहिले तीन ते सहा महिने हात-पाय परतण्याच्या दृष्टीने मोलाचे, असे तिथे तिच्या वळणदार अक्षरात लिहिले होते. मी मोजले. त्यातले चार मी घास भरवण्यात घालवले होते. व्रण होऊ दिला नाही, पडू दिले नाही. पण त्याबरोबर त्या हाताला काही करूही दिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मीच तिला आत बोलावले. गिळण्याचा त्रास नाही, हे डॉक्टरांनी आधीच पाहिले होते. तिने आईला पाठीशी उशा देऊन ताठ बसवले, चमच्याच्या दांड्याला चिंधी गुंडाळून तो जाड केला, उजव्या मुठीत दिला आणि डाव्या हाताचा आधार द्यायला सांगितले. पहिला घास मांडीवर पडला. दुसरा गालाला लागला. माझा हात आपोआप पुढे गेला. मुलीने तो नुसता डोळ्यांनी मागे घ्यायला लावला. पाचवा की सहावा घास तोंडात गेला.

आईची जीभ अजून जड होती. ती थांबत थांबत म्हणाली, “चार महिने... लेकरासारखं भरवलास... मला कुणी इचारलं का?”

“मग बोलली का नाहीस?”

“तुला... वाईट वाटलं असतं.”

म्हणजे मी तिला जपत होतो, आणि ती मला! त्या पोरीने पुस्तकाकडे पाहत पान उलटल्यासारखे केले.

ती पास झाली; पेढे घेऊन आली होती. आईचा हात पुरता परतला नाही; परतेल असे वाटतही नाही. गेलेले महिने परतले असते तर काय झाले असते, हा हिशेब मी पुष्कळदा करतो आणि अर्धवट सोडतो. पण आई आता आपल्या हाताने जेवते. वेळ लागतो, भात सांडतो. वर्गातही माझे एक बदलले आहे. मुलाला उत्तर अडले की ते मी चटकन सांगून टाकत असे. आता थोडा थांबतो. ते थांबणे फार जड जाते.

परवा दिवाळीच्या वाती वळायला घेतल्या. आईने कापूस मागितला. अर्ध्या तासात एक वात झाली; जाडजूड आणि वाकडी. मी ती सारखी करायला हात पुढे केला, आणि तसाच मागे घेतला.